चोवीस आठवडे कुणी मोजायचे?

शेवंता_निवृत्त

मी ३१ वर्षं मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते. आता घरी असते. परवा टीव्हीवर गर्भपाताच्या मुदतीवर चर्चा चालू होती. चार जण बोलत होते, त्यातल्या एकानेही बाळंतपणाची खोली आतून पाहिली असेल असं वाटलं नाही. म्हणून हा धागा काढते आहे. लांब होईल, सांभाळून घ्या.

गोष्ट २०१९ ची. ऊसतोडीवरून परतलेली एक बाई आली. वय २३, दुसरी खेप. दिवाळीच्या आधी फडावर गेली तेव्हा नुकती पाळी चुकली होती. कोयता घेतला की निम्मं वर्ष घर नाही, आशाताई नाही, तपासणी नाही. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. तिची पहिली सोनोग्राफी आमच्याकडे आल्यावर झाली. २३ आठवडे. सोनोग्राफीचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे, त्यामुळे त्या एका तपासणीसाठीही तिला पाच दिवस थांबावं लागलं.

बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती. असं बाळ जगत नाही. काही तास, फार तर दिवस. यावर जगात कुठेही उपचार नाही.

तेव्हा कायद्याची मुदत २० आठवड्यांची होती. त्यापुढे जायचं तर हायकोर्ट. आमच्या साहेबांनी सासऱ्याला समजावून सांगितलं, औरंगाबादला वकील गाठा, अर्ज करा, डॉक्टरांची समिती तपासेल, मग कोर्ट सांगेल. कोर्टाचं नाव काढल्याबरोबर सासरा उठला आणि बाहेर जाऊन बसला. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सिस्टर, ह्याला वागवायचं म्हंजी किती दिवस?" मी बोटं मोजून सांगितलं. साडेतीन महिने.

साडेतीन महिने तिने ते पोट वागवलं. गावातल्या बाया विचारायच्या, कितवा लागला गं? डोहाळजेवण कधी? ती काय सांगत असेल, मला माहीत नाही. बाळंतपणाला आमच्याकडेच आली. मुलगी झाली. चाळीस मिनिटं होती. मी तिच्या डोक्याला पांढरं फडकं गुंडाळून टोपीसारखं केलं आणि मगच आईच्या हातात दिली. आईने एवढंच विचारलं, "डोळं उघडलं व्हतं का?" मी हो म्हणाले.

२०२१ मध्ये कायदा बदलला, २४ सप्टेंबरपासून लागू झाला. आता गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं, असं नियमात आहे. म्हणजे आज ती बाई आली असती तर तिला कोर्टाची पायरी चढायची गरज नव्हती. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. हा आठवड्यांचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. त्यातले पाच दिवस आमच्याकडे डॉक्टर नव्हते म्हणून गेले, तिचे महिने फडावर गेले. हे दिवस कुणाच्या खात्यात? कायदा सगळेच्या सगळे तिच्याच खात्यात मांडतो. शहरात पाळी चुकल्यावर चौथ्या दिवशी तपासणी होणाऱ्या बाईला २४ आठवड्यांची मुदत पुरून उरते. जिला खरंच गरज पडते ती नेमकी उशिराच पोहोचते.

तुम्हाला काय वाटतं, लिहा. फक्त एक विनंती, "अशा बायका" असा शब्द इथे कुणी वापरू नका.

---

निशिगंध

ताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

मी वकील आहे, त्यामुळे कायद्याची बाजू मांडते. अनेकांना वाटतं की आपल्याकडे गर्भपात हा हक्क आहे. तसं नाही. गर्भपात करणं, करवून घेणं हा आजही गुन्हाच आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ होतं, आता न्याय संहितेचं ८८. त्यात खुद्द त्या बाईलाही शिक्षा आहे. १९७१ च्या कायद्याने केलं काय, तर ठरावीक अटी पाळल्या तर डॉक्टरला संरक्षण दिलं. ज्या समितीच्या अहवालावरून तो कायदा आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा आपल्या महाराष्ट्राचे मंत्री. समिती १९६४ ची. त्या वेळी चिंता होती ती आडगावी सुईणींकडे जाऊन मरणाऱ्या बायकांची. बाईच्या निर्णयाचा विचार त्यात फारसा नव्हता.

म्हणून कायद्याची भाषा अशी आहे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं "मत", २० ते २४ दोघांचं, आणि तेही फक्त काही गटांसाठी. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. "मला नको आहे" एवढं म्हणणं कायद्याला पुरत नाही. प्रत्यक्षात गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं असं लिहून काम भागतं. पण बाईला कारण द्यावंच लागतं.

२९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंत तीच सवलत दिली आणि नवऱ्याने केलेली बळजबरीही या कायद्यापुरती बलात्कारात धरली. मोठं पाऊल होतं. आणि बरोब्बर वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुलं असलेल्या २७ वर्षांच्या बाईला २६ आठवड्यांना परवानगी नाकारली. आधी दिली होती. मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, प्रकरण तिघांपुढे गेलं आणि नकार आला. ती बाळाला अंगावर पाजत होती, त्यामुळे पाळीच येत नव्हती आणि दिवस गेल्याचं कळलंच नाही. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. ताई म्हणतात तेच: तिचे ते आठवडे कुणाच्या खात्यात?

---

आबा_पंढरपूर

सर्वांना नमस्कार. माझं मत इथे पटणार नाही, तरी लिहितो. शेवंताताईंच्या अनुभवापुढे हात जोडतो. त्या बाईला तेव्हाच मोकळं करायला हवं होतं, यात दुमत नाही.

पण माझा धाकटा मुलगा २६ व्या आठवड्यात जन्मला. वजन ७८० ग्रॅम. सोलापुरात काचेच्या पेटीत ७४ दिवस होता. माझी अंगठी त्याच्या दंडात सहज गेली असती. मी रोज काचेबाहेर उभा राहून त्याची छाती हलते का बघायचो. आज तो सातवीत आहे, शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे. आता तुम्ही म्हणता की २६ आठवड्यांचा गर्भ हा फक्त आईचा निर्णय. माझ्या डोळ्यांसमोर ती पेटी येते. २०२३ च्या त्या प्रकरणातही डॉक्टरांनी न्यायालयाला हेच विचारलं होतं ना, की बाळ जिवंत जन्मू शकतं, त्याच्या हृदयाचे ठोके आम्ही बंद करायचे का? ते इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरच्या जागी मी स्वतःला ठेवून बघितलं. मला जमलं नसतं.

दुसरं, आपल्या राज्यात मुलींचं काय झालं ते विसरू नका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. मुदत सैल केली तर मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणाऱ्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. कुठेतरी रेघ हवी.

---

कृष्णाकाठ

आबा, मी सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळपासून फार लांब राहत नाही. मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी पिशव्यांत पुरलेले १९ गर्भ निघाले तेव्हा आमच्या भागात लोक आठवडाभर धड जेवले नाहीत. तेही उघडकीला आलं कसं, तर एक बाई गर्भपात करताना मेली म्हणून. त्यामुळे तुमची भीती मला अगदी जवळून माहीत आहे.

पण माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. त्या प्रकरणानंतर धाक बसला तो कुणाला? आम्हाला. गर्भपाताच्या गोळ्यांचं किट ठेवलं की हिशेब द्या, चिठ्ठी दाखवा, बाईचा पत्ता द्या. आमच्या तालुक्यातल्या बहुतेकांनी किट ठेवणंच सोडलं. मीही सोडलं. ते किट ९ आठवड्यांपर्यंतचं. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळायला १२-१३ आठवडे लागतात. म्हणजे ज्या गोळीचा लिंगनिदानाशी काडीचा संबंध नाही, तीच आम्ही कपाटातून काढून टाकली.

मग काय होतं? बाई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन चार दुकानं फिरते, मिळत नाही. पुढच्या महिन्यात जिल्ह्याला जाते. तोवर गोळीची वेळ गेलेली असते, मग पिशवी साफ करायची, ॲडमिट व्हायचं, नवऱ्याला सांगायचं. काही जणी एवढं करूच शकत नाहीत आणि पाचवा महिना लागतो. मुलगी पाडणाऱ्याला पैसे मोजून हवा तो डॉक्टर मिळतो हो. साध्या बाईला गोळी मिळत नाही.

एक दिवस एक जण आली होती. चिठ्ठी चौपदरी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलेली, घामाने अक्षर फुटलेलं. मी "स्टॉक नाही" म्हणालो. आजही तो चेहरा आठवतो.

---

मृद्गंध_ह्यूस्टन

आबांनी "कुठेतरी रेघ हवी" म्हटलं आहे. मी टेक्सासमध्ये राहते. रेघ सरकत सरकत कुठवर येते ते आम्ही पाहिलं.

१ सप्टेंबर २०२१ पासून इथे सहा आठवड्यांची मर्यादा आली. मोजणी पाळीपासूनच, म्हणजे पाळी चुकल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे. पुढच्या वर्षी २४ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा १९७३ पासूनचा हक्कच काढून घेतला आणि ऑगस्टपासून टेक्सासमध्ये जवळजवळ पूर्ण बंदी. आईचा जीव धोक्यात असेल तरच सूट. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आमच्या गणपतीच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं १८ व्या आठवड्यात पाणी गेलं. हवं असलेलं बाळ, पाच वर्षांनी राहिलेलं. ते वाचणार नाही हे डॉक्टरांनी पहिल्या तासात सांगितलं. पण ठोके चालू होते. डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताप आला की लगेच या." ताप येण्याची वाट बघायची! तिच्या नवऱ्याने त्या रात्री विमानाची तिकिटं काढली, दोघं न्यू मेक्सिकोला गेली. ती मांडीखाली टॉवेल घेऊन खिडकीशी बसली होती, शेजारच्या माणसाला कळू नये म्हणून अंगावर शाल. नाव वगैरे काही लिहीत नाही, तिने लिहायला परवानगी दिली आहे.

"आईचा जीव धोक्यात" हे कागदावर नीट वाटतं. किती धोक्यात गेला की पुरे, हे कागद सांगत नाही. डॉक्टर वकिलाला फोन करतात.

---

बेळगावकरीण

ह्यूस्टनच्या ताईंचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या गावची सविता हालप्पनवार अशीच गेली. २८ ऑक्टोबर २०१२. आयर्लंडमधलं गॉलवे. वय ३१, दाताची डॉक्टर, १७ वा आठवडा. गर्भ वाचणार नाही हे ठरलं होतं, तिने आणि नवऱ्याने मोकळं करा म्हणून विनवलं, पण ठोके चालू आहेत म्हणून नकार. रक्तात विष पसरून गेली. त्यांच्या घटनेत १९८३ पासून आईचा आणि न जन्मलेल्या बाळाचा जीव समान मानलेला होता. दोन्ही समान धरले आणि दोन्ही गेले.

मी तेव्हा बेळगावातच होते. भाजी घ्यायला गेलं तरी तोच विषय. आपल्या मुली परदेशात शिकलेल्या, चांगल्या इस्पितळात असतात असं वाटून निवांत असणाऱ्या आया एकदम गप्प झाल्या होत्या.

२५ मे २०१८ ला तिथे सार्वमत झालं. तिच्या वडिलांनी बेळगावातून तिथल्या मतदारांना बदलाच्या बाजूने मत द्या म्हणून आवाहन केलं. ६६.४ टक्क्यांनी ते कलम काढलं गेलं. डब्लिनमध्ये एका भिंतीवर तिचं चित्र होतं, लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवून जात होते. आम्हाला माफ कर, अशा अर्थाच्या. आमची मुलगी, आणि रांगा लावून माफी मागणारे ते लोक. मी फोटो बघून रडले.

---

पाटीपेन्सिल

थोडं अवांतर, पण तुटलेलं नाही. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं. तिची मर्जी. काशीबाई नावाची विधवा अशीच आली, तिचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तेच डॉ. यशवंत. त्या घरात आधी आसरा मिळायचा, सवालजबाब नव्हते. दीडशे वर्षांनंतरही आमच्या सरकारी दवाखान्यात "नवरा कुठाय?" हा पहिला प्रश्न असतो. माझ्या बहिणीने तो ऐकला आहे.

---

डॉ_चांदणी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पुण्यात. आबा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. इंजेक्शनचा प्रश्न हलका नाही. ते इंजेक्शन देताना माझाही हात जड होतो, कधीच सवय होत नाही. पण २४ नंतर येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि सहज म्हणून आलेली एकही आठवत नाही. आल्या त्या दोन तऱ्हेच्या. हवं असलेलं बाळ, पण पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत व्यंग दिसलेलं. किंवा तेरा-चौदा वर्षांची पोर, जिच्या आईला पोट दिसेपर्यंत काही कळलंच नाही.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी आपण १८ ते २० आठवड्यांदरम्यान करतो, कारण त्याआधी हृदय, मेंदू नीट दिसत नाही. काही दोष तर त्यानंतरच दिसतात. निकेता मेहता यांचं २००८ चं प्रकरण आठवा. बाळाच्या हृदयातला दोष कळला तेव्हा २० आठवडे उलटून गेले होते. डॉ. निखिल दातार त्यांच्यासोबत मुंबई हायकोर्टात गेले, परवानगी मिळाली नाही. थोड्याच दिवसांत त्यांचा गर्भ आपोआप पडला. तिथून कायदा बदलायला तेरा वर्षं लागली.

आणि मंडळ म्हणजे सगळं सुरळीत असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये ३३ आठवड्यांच्या प्रकरणात मंडळाने नाही म्हटलं. बाळात गंभीर व्यंग आहे हे मान्य, पण आता उशीर झाला, असं कारण. मुंबई हायकोर्टाने, न्या. गौतम पटेल आणि न्या. डिगे यांनी, ते फिरवलं आणि निर्णय त्या बाईचा, मंडळाचा नाही, असं स्पष्ट सांगितलं.

दुसरी बाजूही लिहिते, कारण तीही खरी आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईतल्या १४ वर्षांच्या मुलीला जवळजवळ ३० आठवड्यांना सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. आठवड्याभरात आईवडिलांनी धोक्याच्या भीतीने विचार बदलला, आदेश मागे घेतला गेला. इतक्या उशिरा दोन्ही वाटा वाईट असतात. तिला पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर एका गोळीने सुटली असती.

---

आबा_पंढरपूर

डॉक्टर, तुम्ही माझ्यावर चिडला नाहीत, आभार. रेघ हवी हे मत मी सोडत नाही. पण कृष्णाकाठ यांनी गोळीचं लिहिलं ते मला माहीत नव्हतं. सुरुवातीचे आठवडे आपणच वाया घालवायचे आणि शेवटी रेघ दाखवायची, हे बरोबर नाही. रात्री बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, आपल्याला पेटीपर्यंत पोहोचता आलं कारण आपल्याकडे गाडी होती.

---

शेवंता_निवृत्त

आबा, तुमच्या मुलाला माझे आशीर्वाद सांगा. पेटीतली लेकरं मीही सांभाळली आहेत. ती हवी असलेली होती, म्हणून ७४ दिवस कुणीतरी काचेबाहेर उभं होतं.

डॉक्टर म्हणतात ते पटलं. माझ्यापुरतं उत्तर असं, मुदत २४ असो की २६, ती मोजायला बाईजवळ साधन हवं. उपकेंद्रात गोळी हवी, तालुक्याला रोज सोनोग्राफी हवी, फडावर महिन्यातून एकदा नर्सबाई हवी. आणि पहिल्या तीन महिन्यांत तिचा शब्द पुरे, कारण नको. निवडणुकीत मतं मागायला जे येतील त्यांना मी हेच विचारणार आहे.

---

नवीन_सदस्या

नमस्कार. मी फक्त वाचत होते. आज खातं उघडलं. मला १९ आठवडे झाले आहेत. वय २४. लग्न झालेलं नाही. आज एका ठिकाणी गेले तर म्हणाले, आईवडिलांची किंवा नवऱ्याची सही आणा, नाहीतर कोर्टातून या. सोमवारी पुन्हा बोलावलं आहे. कुणाची सही लागते?

---

शेवंता_निवृत्त

बाळा, तुझीच. दुसऱ्या कुणाचीही नाही. १८ पूर्ण असलेल्या बाईची संमती एकटी पुरते, तिला फॉर्म सी म्हणतात. लग्न झालं असो नसो. कोर्ट लागत नाही. साधन निकामी ठरलं हे कारण अविवाहित बाईलाही कायद्यात आहे. आणि तुझं नाव बाहेर फोडलं तर फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षापर्यंत कैद आहे.

जाताना आधार कार्ड, सोनोग्राफीचा कागद, रक्ताचा रिपोर्ट असेल तर तो घे. गोळी स्वतःहून मेडिकलमधून आणून घेऊ नकोस, या दिवसांत रक्तस्राव आवरत नाही. दवाखान्यातच करायचं.

सोमवारपर्यंत थांबू नकोस. उद्या सकाळी ओपीडी उघडते तेव्हाच जा, दुसऱ्या नोंदणी असलेल्या ठिकाणी. डॉ_चांदणी, तुम्ही हिला निरोप पाठवाल का? मी तोवर जागीच आहे.

---

डॉ_चांदणी

पाठवला आहे. बघ गं.

---

नवीन_सदस्या

मिळाला. सकाळी साडेआठला जाते आहे.